शस्त्राने गेलेल्यांची तिथी

भाद्रपदाच्या वद्य पक्षात भिंतीवरच्या दिनदर्शिकेत चतुर्दशीची एक चौकट असते. तिच्यात बारीक अक्षरांत छापलेले असते, ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’. बहुतेकांची नजर त्यावरून घसरून दुसऱ्या दिवशीच्या अमावस्येवर जाते. कारण पान वाढायचे, कावळ्याची वाट पाहायची, ती त्या दिवशी. आमच्या भंडाऱ्याकडे तिला पितृमोक्ष अमावस्या म्हणतात. ज्यांची तिथी कुणालाच ठाऊक नाही, त्या सगळ्यांची ती तिथी. आदल्या दिवशीची चतुर्दशी मात्र शस्त्राने, अपघाताने, अवेळी गेलेल्यांसाठी राखून ठेवलेली आहे. ही सोय ज्यांनी केली त्यांच्या शहाणपणाचे मला नेहमी नवल वाटते. घरात पडलेला मृत्यू आणि रणात पडलेला मृत्यू यांत फरक आहे, हे त्यांनी ओळखले होते.

तरी या व्यवस्थेत एक जागा मोकळीच राहिली. श्राद्ध करायचे ते मुलाने. विशी-बाविशीत लढाईवर गेलेला, लग्नाचा विचारही न झालेला पोरगा पितर कसा व्हायचा? आईवडील असेतोवर त्याची आठवण घरात वावरते. भावंडे असेतोवर फोटो भिंतीवर असतो. पुतण्यांच्या काळात घर रंगवायला काढले की तो फोटो माळ्यावर जातो आणि नातवंडांना तो कुणाचा हे सांगता येत नाही. एवढ्या तीन पायऱ्यांत माणूस पुसला जातो.

हे मनात येते ते बिरसीमुळे. गोंदियाजवळ कामठा गावाशेजारी बिरसीची धावपट्टी आहे. आज ती गोंदिया जिल्ह्यात मोडते. पण १ मे १९९९ पर्यंत गोंदिया म्हणजे भंडारा जिल्ह्याचाच एक भाग होता आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात अजूनही तो आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी ही धावपट्टी बांधली. धानाच्या बांध्या, मालगुजारी तलाव, मोहाची झाडे आणि मध्येच ही लांबलचक सरळ रेघ. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर जपानी बॉम्ब पडले. त्यानंतरच्या दीड-दोन वर्षांत देशभर अशा धावपट्ट्यांचे जाळे विणले गेले. लढाई नकाशावर कितीही दूर असली तरी तिचे पाय असे कुणाच्या तरी शेतात उमटतात.

आता बिरसीला प्रवासी विमाने उतरतात, वैमानिक होऊ पाहणारी मुले तेथे शिकतात. मार्च २०२३ मध्ये येथूनच उडालेले एक प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगरात कोसळले आणि शिकवणारा व शिकणारी, दोन्ही तरुण जीव गेले. आकाशाशी या भागाचा संबंध असा आहे. नवा नाही आणि नुसता हौसेचाही नाही.

विमानाची लढाई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वैमानिक येतो. चामडी टोपी, डोळ्यांवर चष्मा, गळ्यात रेशमी रुमाल. सिनेमाने आणि शाळेतल्या धड्यांनी तोच दाखवला. पण बॉम्बफेकी विमानात वैमानिक एक असतो आणि इतर जण अधिक असतात. त्या इतरांना आपल्या भाषेत धड नावसुद्धा नाही. ‘वैमानिकासह सात जण ठार’ असे आपण वर्तमानपत्रवाले लिहितो. त्या ‘सह’मध्ये सहा जण जातात.

इंग्रजांचे लँकेस्टर विमान घ्या. त्यात सात माणसे असत. वैमानिक, इंजिनाकडे पाहणारा फ्लाइट इंजिनिअर, वाट काढून देणारा नॅव्हिगेटर, बॉम्ब नेमका कुठे सोडायचा ते पाहणारा, बिनतारी संदेशवाला आणि दोन गनर. त्यांपैकी एक विमानाच्या पाठीवरच्या काचेच्या घुमटात आणि दुसरा थेट शेपटाशी. शेपटाकडचा हा गनर रात्रभर एकटा, सर्वांकडे पाठ करून बसलेला. बाहेर शून्याखाली तीस-चाळीस अंश. त्याची जागा इतकी अडचणीची, की त्याचे पॅराशूट त्याच्याजवळ नसे. ते मागे विमानाच्या अंगाला टांगलेले असे. उडी मारायची वेळ आली तर आधी दार उघडून हात मागे घालायचा, ते काढायचे, अंगावर अडकवायचे आणि मग उडी. हे सारे जळत्या, गोते खाणाऱ्या विमानात.

इंग्रजांच्या बॉम्बर कमांडमध्ये युद्धकाळात सुमारे सव्वा लाख लोकांनी उड्डाणे केली. त्यांपैकी ५५,५७३ मेले. शंभरातले चव्वेचाळीस! त्यांचे सरासरी वय बावीसच्या आसपास होते आणि तीस फेऱ्या पुऱ्या केल्या की विश्रांती मिळे. त्या तीस फेऱ्या पुऱ्या होण्याची शक्यता किती थोडी, हे त्या मुलांना गणित न शिकताही कळत होते. संध्याकाळी भोजनगृहात शेजारी बसलेला सकाळी नसायचा. त्याच्या पलंगावर दुपारपर्यंत दुसरा आलेला असायचा.

या हजारोंतल्या एकाची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. अँड्र्यू मायनार्स्की. कॅनडातल्या विनिपेगचा, पोलंडहून तिकडे गेलेल्या गरीब कुटुंबातला. वडील गेल्यावर घराला हातभार म्हणून कातड्याच्या कामात लागलेला. वयाने सत्तावीस, म्हणजे त्या जगात थोरलाच. ४१९ व्या स्क्वाड्रनच्या एका लँकेस्टरमध्ये तो पाठीवरच्या घुमटातला गनर होता. शेपटाशी पॅट ब्रॉफी. दोघांची चांगली मैत्री होती. ब्रॉफी अधिकारी, हा नुकताच अधिकारी झालेला. त्यामुळे ब्रॉफीला चिडवायला तो मुद्दाम कडक सलाम ठोकत असे.

१२ जून १९४४ ची रात्र. नॉर्मंडीत दोस्तांचे सैन्य उतरून सहा दिवस झाले होते. फ्रान्समधल्या कांब्रे येथील रेल्वेयार्ड हे त्या रात्रीचे लक्ष्य. या चमूची ती तेरावी फेरी. लक्ष्याच्या वाटेवर एका जर्मन विमानाने खालून येऊन गोळ्या झाडल्या. डाव्या बाजूची दोन्ही इंजिने गेली, पंख पेटला, आग धडात शिरली. कप्तानाने उडी मारण्याचा हुकूम दिला. मायनार्स्की आपल्या जागेवरून उतरून दाराशी आला. समोर बाहेर जायची वाट मोकळी होती. त्याने सहज मागे वळून पाहिले, तर शेपटाकडचा घुमट अर्धवट वळून अडकलेला आणि आत ब्रॉफी कोंडलेला.

तो आगीतून रांगत मागे गेला. कुऱ्हाडीने घाव घातले, हातांनी ओढून पाहिले. काही हलेना. अंगावरचे कपडे कमरेपासून पेटले होते, पॅराशूटही. ब्रॉफी आतून हातवारे करून ओरडत होता, जा, तू जा. शेवटी मायनार्स्की मागे सरकला. पाठ न फिरवता. दाराशी पोचल्यावर त्या जळत्या अवस्थेत तो ताठ उभा राहिला, मित्राला नेहमीचा सलाम ठोकला आणि उडी मारली. जळत्या पॅराशूटने तो खाली पोचला. गावकऱ्यांना जिवंत सापडला, पण भाजण्यामुळे थोड्याच वेळात गेला.

आणि ब्रॉफी वाचला! विमान शेतात आदळले, झाडाला धडकून घुमट तुटला आणि तो बाहेर फेकला गेला. बाकीचेही सगळे जगले. सातांतला एकच मेला, आणि तो दाराशी सर्वांत आधी पोचलेल्यांपैकी एक होता. ब्रॉफीने परत येऊन जे सांगितले त्यावरून १९४६ मध्ये मायनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. फ्रान्समधल्या मेहारिकूर नावाच्या खेड्यात त्याची समाधी आहे. कॅनडात हॅमिल्टन येथे त्याच्या विमानाची अक्षरे रंगवलेले एक लँकेस्टर अजून उडते. जगात आता उडण्याजोगी अशी दोनच लँकेस्टर उरली आहेत, त्यांतले ते एक.

ही गोष्ट जगाला कळली याचे कारण एकच. पाहणारा जिवंत राहिला. ब्रॉफी त्या शेतात मेला असता, तर मायनार्स्कीच्या नावापुढे ‘कारवाईत मृत्यू’ एवढेच दोन शब्द लागले असते. पंचावन्न हजारांतल्या बहुतेकांच्या नावापुढे तेवढेच आहे. त्यांच्यातले किती जण मागे वळले असतील?

इकडे आपल्या आकाशातही हे चालले होते. भारतीय हवाई दलाच्या सातव्या आणि आठव्या स्क्वाड्रनकडे १९४३-४४ मध्ये व्हेंजन्स नावाची बॉम्बफेकी विमाने होती. हेम चौधरी आणि निरंजन प्रसाद हे त्यांचे भारतीय प्रमुख. विमान जवळजवळ सरळ खाली झेप घ्यायचे, बॉम्ब सोडायचे आणि मान मोडेल अशा झटक्याने वर यायचे. त्यात दोघे असत. पुढे वैमानिक, मागे दुसरा, जो वाटही दाखवी आणि मशीनगनही सांभाळी. वैमानिकाला निदान जमीन येताना दिसत होती, काठी त्याच्या हातात होती. मागच्याच्या हातात काहीच नाही. दुसऱ्याच्या हातावर जीव ठेवून खाली जायचे. धैर्याचा हा प्रकार मला नेहमी जास्त अवघड वाटत आला आहे. त्याची पोवाड्यात सोय नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५७ पासून आपल्याकडे कॅनबेरा ही जेट बॉम्बफेकी विमाने आली आणि पन्नास वर्षे राहिली. ११ मे २००७ रोजी त्यांना निरोप देण्यात आला. पुण्याच्या लोहगावकरांना त्यांचा आवाज चांगला परिचयाचा होता. या विमानाच्या आपण घेतलेल्या बॉम्बफेकी प्रकारात एक गोष्ट अशी होती, की ती वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची होती. कळ ओढली की खुर्चीसकट माणूस वर आणि मग पॅराशूट. नॅव्हिगेटरला मात्र ती नव्हती. त्याची जागा वैमानिकाच्या खाली, विमानाच्या नाकात. बॉम्ब टाकताना तो तेथे पालथा पडून काचेतून खाली पाहत असे. विमान पेटले तर त्याने उठायचे, पॅराशूट अडकवायचे, बाजूचे दार उघडायचे आणि वाऱ्याच्या त्या माऱ्यात स्वतःला बाहेर ढकलायचे. विमान सरळ, संथ चाललेले असेल तर हे जमते. पेटलेले विमान सरळ, संथ चालत नाही.

२१ सप्टेंबर १९६५. युद्धविरामाला दोन दिवस उरले होते. सरगोध्याच्या विमानतळावर हल्ला करून एक कॅनबेरा पहाटेच्या अंधारात परत येत होते. वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट लोव, नॅव्हिगेटर कपूर. पाकिस्तानी हवाई दलाच्या जमाल खान यांनी स्टारफायटर विमानातून क्षेपणास्त्र सोडले. लोव यांनी कळ ओढली, ते बाहेर पडले आणि युद्धकैदी झाले. कपूर गेले.

एकाच विमानातले दोघे. लोव यांचा यात काडीचा दोष नाही. तो हुकूमच असतो आणि तेवढाच क्षण असतो. पण एका आराखड्याने, कागदावरच, दोन माणसांच्या जगण्याची शक्यता वेगवेगळी ठरवली होती, आणि हे ठाऊक असूनही दर रात्री कुणीतरी त्या नाकातल्या जागेत जाऊन पडत होते. त्या युद्धाविषयी आपण शाळेत जे शिकलो त्यात छोटी नॅट विमाने आहेत, त्यांनी पाडलेली सेबर आहेत. कपूर हे नाव तुम्ही किती वेळा वाचले आहे?

१९७१ मध्येही हेच. कॅनबेरातून गेलेले लॉइड सासून आणि त्यांचे नॅव्हिगेटर राम अडवाणी परतले नाहीत. त्यांची नावे पुढे ‘बेपत्ता’ म्हणून सरकारने मान्य केलेल्या ५४ जणांच्या यादीत गेली. त्याच यादीत विजय वसंत तांबे हे आपले मराठी नाव आहे; ते सुखोई लढाऊ विमानाचे वैमानिक, विमानात एकटेच. त्यांच्या पत्नी, अर्जुन पुरस्कार मिळवलेल्या बॅडमिंटनपटू दमयंती तांबे यांनी चालवलेला शोध अनेक वाचकांना आठवत असेल. जून २००७ मध्ये या यादीतल्यांचे नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांतून फिरून आले आणि रिकाम्या हातांनी परतले. या घरांनी चतुर्दशी पाळायची की नाही, हे कुणी सांगावे? गेला म्हटले तर आपणच त्याला सोडल्यासारखे आणि नाही म्हटले तर पन्नास वर्षे पान मांडून बसायचे.

इथे एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. बॉम्बफेकी विमानातला तरुण मेला हे खरे, पण तो मारायलाही गेला होता. जुलै १९४३ मध्ये हॅम्बर्गमध्ये चाळीस हजारांच्या आसपास माणसे होरपळली. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनमध्ये पंचवीस हजारांपर्यंत. त्यांत बायका, मुले, म्हातारे, स्टेशनवर उतरलेले निर्वासित. म्हणूनच ब्रिटनमध्येसुद्धा या मुलांचे राष्ट्रीय स्मारक लंडनमध्ये उभे राहायला २०१२ साल उजाडावे लागले, आणि तेव्हाही जर्मनीत नाराजी उमटली. त्या स्मारकावर बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या सर्व देशांच्या लोकांचाही उल्लेख आहे.

मला हे योग्य वाटते. हुकूम देणारे म्हातारे होते, नकाशे त्यांच्या भिंतींवर होते. बावीस वर्षांच्या पोरावर सगळा भार टाकणे बरोबर नाही. पण त्याला फुलांत गुंडाळून त्याच्या हातातली कळ झाकून टाकणे हेही त्याच्यावर अन्यायच. परतलेल्यांपैकी कित्येकांना खाली पेटलेली शहरे आयुष्यभर दिसत राहिली. मेलेल्यांनाही ती शेवटी दिसलीच असतील. शूर म्हणून आठवायचे तर सगळेच आठवावे.

आणि आपण भंडाऱ्याच्या लोकांनी तर हात झटकूच नयेत. बॉम्बला लागणारा माल कुठेतरी तयार होतोच. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. तेथली स्फोटके देशाच्या फौजेला जातात आणि त्यावर आमच्या शेकडो घरांची चूल पेटते. २४ जानेवारी २०२५ रोजी तेथे स्फोट झाला, छत कोसळले, कामगार मृत्युमुखी पडले. आवाज दूरदूरच्या गावांत ऐकू गेला. बॉम्बच्या प्रवासाचे हे एक टोक आणि विमानाच्या नाकात पालथा पडलेला नॅव्हिगेटर हे दुसरे. दोन्ही टोकांना नोकरीला लागलेली तरुण माणसे. जवाहरनगरचे कामगार कुठल्या चतुर्दशीत बसतात, हेही मला विचारावेसे वाटते.

आठवण ठेवायची म्हणजे नेमके काय करायचे? दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय युद्धस्मारक खुले झाले. त्याच्या त्यागचक्रात ग्रॅनाइटच्या विटांवर एकेकाचे नाव कोरलेले आहे. मात्र ते १९४७ नंतरच्यांसाठी आहे. इंडिया गेटवरची नावे पहिल्या महायुद्धाच्या आणि तिसऱ्या अफगाण युद्धाच्या काळातली. दुसऱ्या महायुद्धात अविभाजित हिंदुस्थानचे सुमारे ८७ हजार लोक मेले, ते या दोन स्मारकांच्या मधल्या फटीत पडले. इंग्रजांचे नोकर म्हणून मेले, असे म्हणून आपण त्यांचा विषय मिटवला. घरात खायला नव्हते म्हणून भरती झालेल्या पोराला हे उत्तर कसे देणार?

इंग्रजांनी मात्र आपली मुले मोजून ठेवली. पुण्याजवळच्या खडकीच्या युद्धस्मशानात पश्चिम आणि मध्य भारतातल्या विखुरलेल्या कबरी एकत्र आणल्या. सोळाशेंहून अधिक. नाव, हुद्दा, तुकडी, तारीख. हवालदार आणि कर्नल यांची जागा सारखीच. उलट आपल्या साताऱ्या-रत्नागिरीकडच्या काही गावांत पहिल्या महायुद्धाच्या पाट्या आहेत. या गावातून इतके लोक लढाईवर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडा आहे, नावे नाहीत. बाहेरच्याला आकडा पुरतो. गावाला नाव लागते.

आपल्या जिल्ह्यात हे अजून करता येईल. एखाद्या ग्रामपंचायतीने, शाळेने, नाही तर गणेश मंडळाने ठरवले तर एका पावसाळ्यात होईल. ट्रंका उघडाव्या लागतील. पदकाचा डबा, मनिऑर्डरची पावती, निवृत्तिवेतनाचा जुना कागद यांत फौजी नंबर सापडतो. म्हाताऱ्या आत्याला, काकूला विचारावे लागेल. पुरुषांपेक्षा त्यांच्याच लक्षात गेलेल्यांची नावे राहतात, असा माझा अनुभव आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांची यादी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने इंटरनेटवर खुली ठेवली आहे, पैसे लागत नाहीत. ती चाळताना एक पथ्य पाळावे. आपली आडनावे त्या काळच्या लष्करी कारकुनांनी कानाला जशी ऐकू आली तशी इंग्रजीत लिहिली आहेत. मेश्राम, रामटेके, बिसेन, कटरे, हटवार, निंबार्ते, प्रत्येक आडनाव तीन-चार तऱ्हांनी लिहून पाहावे. पहिल्यांदा सापडले नाही म्हणून यादी मिटू नये.